रॅपन्झेलची गोष्ट तरुणांसाठी कादंबरी म्हणून नव्याने लिहिताना: केस, मनोरा आणि गोथेल

अंजनवेल

सोळा ते वीस वर्षांच्या वाचकांसाठी मराठीत अद्भुतरम्य कादंबरी लिहायला घेतली आहे. पाया रॅपन्झेलच्या जर्मन परीकथेचा: शेजारच्या जादूगारणीच्या बागेतला पाला चोरल्यामुळे आईबापांना तान्ही मुलगी तिला द्यावी लागते, ती गोथेल मुलीला बिनदाराच्या मनोऱ्यात कोंडते, आणि मुलीनं खाली सोडलेल्या केसांना धरून आधी गोथेल, मग एक राजपुत्र वर चढतो. अंदाजे ५५ हजार शब्द, २४ प्रकरणं, नायिका सतरा वर्षांची. पहिली सहा प्रकरणं कच्ची तयार आहेत आणि तिथेच गाडं अडलंय.

नायिका मनोऱ्यात बसून आहे, त्यामुळे सहाव्या प्रकरणापर्यंत तिच्या हातून काहीच घडत नाही. घडतं ते सगळं खाली, दुसऱ्यांच्या हातून. केसांना धरून माणूस वर चढतो हे लहान मुलांना चालतं, पण अठरा वर्षांचा वाचक पहिल्याच चढणीला विचारणार की हिची मान कशी मोडत नाही. गोष्ट जर्मनीतच ठेवावी की सह्याद्रीत आणावी हेही ठरत नाही. शिवाय हक्कांचा प्रश्न आहे: ग्रिमबंधूंची गोष्ट वापरायला परवानगी लागते का? आणि चित्रपटात पाहिलेलं काय घेता येतं, काय नाही?

ज्यांनी जुने पाठ, म्हणजे या गोष्टीची जुनी लेखी रूपं, वाचली आहेत त्यांनी कृपया तपशिलात सांगावं.

जुनी_बाड

हक्कांचं आधी उरकू. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात. विल्हेल्म ग्रिम १८५९ मध्ये गेले, याकोब १८६३ मध्ये. मूळ जर्मन गोष्ट आता सर्वांची आहे. मार्गारेट हंट यांचा १८८४ चा इंग्रजी अनुवादही मोकळा आहे. माणसं अडकतात ती अलीकडच्या अनुवादांत. कथा मोकळी असली तरी अनुवादकाची वाक्यं अनुवादकाची असतात, मग तो अनुवाद इंग्रजी असो की मराठी.

चित्रपटाचं म्हणाल तर डिस्नेच्या २०१० च्या चित्रपटातलं नायिकेचं राजकन्या असणं, केसांतून उजेड पडणं, केसांनी जखमा भरणं, आकाशात सोडलेले कंदील, चोर नायक, यातलं ग्रिमच्या गोष्टीत काहीही नाही. ग्रिमची मुलगी साध्या घरातली आहे आणि नायक राजपुत्र आहे. वहीत प्रत्येक प्रसंगासमोर तो कुठल्या सालच्या पाठात आहे ते लिहा. साल सापडत नसेल आणि प्रसंग तुम्हाला स्वतःला सुचलेलाही नसेल, तर तो बहुधा चित्रपटातून आलेला असतो. तो काढा.

आता पाठ. चार तरी वाचल्याशिवाय सातव्या प्रकरणाला हात लावू नका.

पहिला इटालियन लेखक बाझिलेचा, नेपल्सच्या बोलीतला, १६३४ ते १६३६ दरम्यान त्याच्या मृत्यूनंतर छापलेला. नायिकेचं नाव पेत्रोसिनेल्ला, म्हणजे अजमोदेवरून (पार्सलीवरून) पडलेलं. इथे गर्भार बाई स्वतःच राक्षसिणीच्या बागेत चोरी करते आणि पकडल्यावर मूल द्यायचं वचन देते. मुलगी सात वर्षांची होते, शाळेत जाता-येता राक्षसीण तिला रोज बजावते, "आईला वचनाची आठवण दे." रोजच्या निरोपाला कंटाळून आई म्हणते, "सांग तिला, घेऊन जा." हा प्रसंग कुठल्याही चेटकापेक्षा भयंकर आहे, आणि पुढच्या लेखकांनी तो गाळला. पळून जाताना ही मुलगी तीन मायफळं मागे टाकते. त्यांतून आधी कुत्रा, मग सिंह, मग लांडगा निघतो. म्हणजे सर्वांत जुनी नायिका सर्वांत कर्ती आहे. तुमच्या पहिल्या अडचणीचं अर्धं उत्तर इथेच सापडेल.

दुसरा पाठ फ्रेंच, शार्लोत-रोझ द ला फोर्स यांचा, सतराव्या शतकाच्या अखेरीचा. नायिका पेर्सिनेत. इथली परी शेवटी विरघळते आणि दोघांना माफ करते.

तिसरा ग्रिम, १८१२ ची पहिली आवृत्ती. चौथा पुन्हा ग्रिम, १८५७ ची सातवी आवृत्ती. ही गोष्ट शेतकऱ्यांच्या चुलीपाशी ऐकून टिपली असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात ग्रिमनी ती फ्रिडरिश शुल्त्स यांच्या १७९० च्या छापील जर्मन कथेवरून घेतली आणि शुल्त्सनी ती ला फोर्सबाईंकडून आणली होती. हे कळलं की "मूळ लोककथेशी प्रामाणिक राहायला हवं" हे ओझं खांद्यावरून उतरतं. तिला प्रत्येकानं आपल्या काळापुरतं बदललेलं आहे.

दोन ग्रिममधला फरक तुमच्या फार उपयोगाचा. १८१२ मध्ये ती परी आहे, १८५७ मध्ये जादूगारीण. १८१२ मध्ये मुलगी विचारते, "गोथेलबाई, माझे कपडे घट्ट का होऊ लागलेत?" आणि राजपुत्र येत असल्याचं गुपित फुटतं, कारण ती गर्भार आहे. मुलांच्या हाती पुस्तक जातंय म्हणून विल्हेल्मनी ते बदललं. १८५७ मध्ये ती विचारते, "तुम्हाला वर ओढताना राजपुत्रापेक्षा इतकं जड का लागतं?" सभ्यता राखली गेली, पण मुलगी बावळट ठरली. तुम्ही दोन्ही टाळा. बाझिलेकडे गुपित शेजारीण फोडते. ते सर्वांत पटण्यासारखं आहे, आणि कादंबरीला एक जास्तीचं पात्रही मिळतं.

आणि खरा मुद्दा. "गोथेल" हे नावच नाही. जर्मन बोलीत त्याचा अर्थ धर्माची आई, बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाला हातात धरणारी बाई. ग्रिमच्या पाठात सौदा करताना ती म्हणते की मुलीचं भलं होईल, मी आईसारखी सांभाळीन. त्यानंतर खरे आईबाप गोष्टीतून नाहीसे होतात. शोधायला येत नाहीत, शेवटी भेटत नाहीत. मूठभर पाल्यासाठी मूल दिलं ते दोघं, आणि बारा वर्षं सांभाळून मग कोंडलं ती एक. तुमची कादंबरी केसांची किंवा मनोऱ्याची नाही, त्या सौद्याची आहे. गोथेलला मूल का हवं होतं याचं उत्तर पानभरात लिहून भिंतीला चिकटवा. ग्रिमनी ते दिलेलं नाही, ती जागा तुमच्यासाठी मोकळी आहे.

कप्पी_दोर

केस आणि मनोऱ्याची यंत्रणा सांगतो. अद्भुत कथेत जादू एकाच ठिकाणी असावी, बाकी सगळं वजनाला आणि मापाला खरं उतरावं, नाहीतर वाचक जादूवरही विश्वास ठेवत नाही.

आधी लांबी. ग्रिमच्या पाठात केस वीस एल्ले खाली पडतात. एल्ले हे हाताचं माप, पण गावागणिक वेगळं. प्रशियाचं सुमारे ६७ सेंटिमीटर, म्हणजे तेरा मीटरच्या वर. मराठीत सरळ "वीस हात" लिहा. आपला हात दोन वितींचा, साधारण ४५ सेंटिमीटर, म्हणजे ९ मीटर. तीन मजली इमारतीएवढी उंची. तेवढी पुरे. पडलं तर जीव जाईल आणि वाचकाला डोळ्यांसमोर आणता येईल. पुढचे आकडे ९ मीटरचे आहेत.

डोक्याचा केस महिन्याला एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो, वर्षाला १५ धरा. ९ मीटरला ६० वर्षं लागतील. त्यातही प्रत्येक केस काही वर्षं वाढून गळतो, त्यामुळे बहुतेकांचे केस मीटरभराच्या पुढे जातच नाहीत. म्हणजे तुमची जादू "केस भराभर वाढतात" एवढीच नको, "केस गळत नाहीत" हीही हवी. दोन्हींना मिळून एकच कारण द्या.

वजन: डोक्यावर सुमारे एक लाख केस, ९ मीटर लांबी, मध्यम जाडी. हिशेब साडेचार किलोच्या आसपास जातो. माणसाचं डोकंच जेमतेम तेवढं असतं. ओले झाले की आणखी जड. म्हणून ती केस मोकळे सोडून खोलीभर नाचणार नाही. वेणी टोपलीत किंवा खुंटीवर गुंडाळून ठेवेल आणि उठताना आधी टोपली उचलेल. न्हाण्याचा दिवस हा पूर्ण दिवसाचा उद्योग. जाड वेणी आतून एका दिवसात वाळत नाही आणि कोंदट खोलीत तिला कुबट वास येतो. न्हायल्यावर दोन दिवस कोणाला वर घेता येत नाही, हा नियम कथानकात फार कामाला येतो.

आता मान. एक केस साधारण ५० ते १०० ग्रॅम पेलतो, त्यामुळे वेणी तुटण्याची भीती नाही. भीती टाळूची आणि मानेची आहे. याचं उत्तर ग्रिमच्याच पाठात आहे आणि बहुतेक नव्या लेखकांच्या नजरेतून सुटतं. ती वेण्या खिडकीच्या आकड्याला गुंडाळते आणि मग खाली सोडते. विहिरीवर दोर खुंट्याला वेढे देऊन धरतात तेच तत्त्व. गुळगुळीत लोखंडी आकड्याभोवती पूर्ण दोन वेढे दिले, तर ६० किलोच्या माणसाचा डोक्याकडचा ताण दीड-दोन किलोवर येतो. एकच वेढा दिला तर नऊ-दहा किलो राहतो आणि मान आखडते. वेढे एकावर एक चढले तर वेणी आवळून बसते, सोडवायला वेळ लागतो. केसांना तेल लावलेलं असेल तर घर्षण घटतं आणि वेणी सरकते. एवढं कळलं की नायिकेच्या हाती सत्ता येते. कोणी वर यायचं आणि कोणी अर्ध्यात लटकायचं हे वेढे देणारी ठरवते. "तिच्या हातून काही घडत नाही" म्हणालात ना? आकडा तिच्या हातात आहे.

त्याच आकड्याला शेवटी गोथेल कापलेल्या वेण्या बांधते आणि राजपुत्राला वर घेते. म्हणून आकडा पहिल्या प्रकरणातच दाखवा. कसा बसवलाय, दगडात शिसं ओतून की लाकडी चौकटीत, हे लिहा. लाकडात असेल तर काही वर्षांनी तो हलायला लागतो.

सुटकेचा बेत बघा. ग्रिममध्ये राजपुत्र दर खेपेला रेशमाची लड आणतो आणि ती शिडी विणते. वाचक विचारणार, एकदम दोर का नाही आणला? कारण द्यावंच लागेल. गोथेल रोज दिवसा येते आणि खोलीत लपवायला जागा नाही, हे कारण पुरतं. हिशेब असा: ९ मीटरची शिडी, ३० सेंटिमीटरवर एक पायरी, म्हणजे ३० पायऱ्या. पायरीची रुंदी ४० सेंटिमीटर. पायऱ्यांना १२ मीटर, दोन्ही बाजूंना १८, गाठींना तिसरा हिस्सा जास्त. एकूण ४० मीटर दोर. आठ मिलिमीटर जाडीच्या रेशमी दोराचं वजन दोन किलोच्या आतबाहेर. खेपेला १०० ग्रॅम लपवून आणलं तर १८ ते २० खेपा. हे तुमचं कॅलेंडर. बाराव्या खेपेला शेजारणीनं पाहिलं तर शिडी साधारण साडेपाच मीटरची आहे, जमिनीपासून साडेतीन मीटर वर संपते. असा प्रसंग बेतून आणावा लागत नाही, हिशेबातून आपोआप निघतो.

आणि मनोऱ्याला दार नाही तर पाणी कुठून येतं? एका माणसाला प्यायला आणि रांधायला पाच लिटर, धुण्याभांड्याला आणखी दहा. धान्य महिन्याला १४-१५ किलो. जळण, राख, मैला. हे सगळं त्याच खिडकीतून वर-खाली होणार. वेणीनं पाण्याच्या घागरी ओढणं रोज शक्य नाही. छपराचं पाणी टाकीत घ्या किंवा एक छोटी कप्पी ठेवा, पण कप्पी ठेवलीत तर तिच्या दोरानं ती पळून का जात नाही याचं उत्तर द्या. दोर गोथेल बरोबर घेऊन जाते, हे सोपं.

रानभाजी

स्थळाबद्दल आणि त्या पाल्याबद्दल थोडं. नायिकेचं नाव भाजीवरून पडलंय हे विसरू नका. नाव हीच कर्जाची चिठ्ठी आहे. तिला हाक मारताना प्रत्येक वेळी गोथेल आईबापांच्या चोरीची आठवण करून देते.

जर्मनीत रापुन्झेल म्हणतात त्या दोन-तीन वनस्पती आहेत. एक थंडीत टिकणारा कोवळा सॅलडचा पाला, उन्हाळा सरता पेरतात आणि हिवाळ्यात खुडतात. दुसरी निळ्या घंटाफुलांची, तिचं मूळही खातात. बर्फाच्या दिवसांत शेजारच्या बागेत हिरवं दिसतंय आणि आपल्याकडे नाही, ही त्या डोहाळ्यामागची तहान आहे. ला फोर्सबाईंनी तर अजमोदा त्या मुलखात दुर्मीळ होती, परीनं ती हिंदुस्थानाकडून मागवली होती असं लिहिलंय. म्हणजे चोरी पटायची तर वस्तू दुर्मीळच हवी.

सह्याद्रीत आणणार असाल तर "डोहाळे" हा शब्दच तुमचं अर्धं काम करतो. गर्भार बाईला जे हवंसं वाटतं ते पुरवलंच पाहिजे, हे मराठी वाचकाला समजावून सांगावं लागत नाही. भाजी म्हणून आंबट चुका सुचवते. डोहाळ्यांना आंबट लागतंच, आणि मुलीचं नाव "चुका" ठेवलं तर आईबापांच्या चुका त्या एका शब्दात येतात.

मनोऱ्याला पर्याय शोधताना दीपमाळ आणि आड टाळा. दीपमाळेत राहायला खोली नसते. आडाला पायऱ्या नसतात हे खरं, पण ती तळाशी असेल तर केस खाली सोडणार कुठे? गढीचा पडका बुरूज चालेल. जिना कोसळलाय, वरची खोली शाबूत आहे. आतला जिना गोथेलनंच पाडला असं केलंत तर दगड अजून पायथ्याशी पडलेले दाखवता येतील.

अंजनवेल

आकड्याचा आणि वेढ्यांचा भाग वाचून पहिलं प्रकरण पुन्हा लिहायला घेतलं. शेजारीणही येणार.

रानभाजी, "चुका" हे नाव फार आवडलं, पण शंका आहे. चुक्याची जुडी कुठल्याही बाजारात मिळते. तिच्यासाठी कोण रात्री भिंत चढेल?

आणि एक राहिलं. राजपुत्र, जुळी मुलं, आंधळेपण, या सगळ्याचं सतरा वर्षांच्या नायिकेच्या कादंबरीत काय करायचं?

रानभाजी

शंका बरोबर आहे. मग शेवळं घ्या. पावसाच्या तोंडावर जमिनीतून वर येतात, काही आठवडेच मिळतात, आणि सहसा कोणी पेरत नाही, रानातून आणावी लागतात. शिवाय नीट न शिजवता खाल्ली तर घसा खाजतो. काकड या रानझाडाची आंबट फळं किंवा चिंच घालावी लागते. ग्रिमच्या बाईनं पाला कच्चाच सॅलड करून खाल्ला होता. तुमच्या बाईनं घाईत काकड न घालता खाल्लं, घसा सुजला, आणि उतारा फक्त गोथेलकडे, असं झालं तर नवरा दुसऱ्यांदा भिंत का चढतो याला हट्टापेक्षा सबळ कारण मिळतं. मुलीचं नाव शेवळी. चुक्याचा श्लेष गेला, पण गोष्ट उभी राहिली.

चौथं_वाचन

रचनेबद्दल लिहिते, कारण खरी अडचण तिथे आहे.

ग्रिमचा पाठ मोजून पाहा. सौद्याला भरपूर जागा, मनोऱ्याला त्याहून जास्त, आणि केस कापून तिला ओसाड रानात सोडल्यावर ती तिथे वर्षानुवर्षं कशी जगली याला जवळपास एक वाक्य. जुळी मुलं, मुलगा आणि मुलगी, तिथेच जन्मतात. एकटी, केस कापलेली, वर्षानुवर्षं जमिनीवर न चाललेली मुलगी रानात कशी तगली, हे ग्रिमनी लिहिलेलं नाही. तुमची कादंबरी तिथे आहे. २४ पैकी मनोऱ्याला ९ प्रकरणं पुरेत. केस बाराव्यात कापले जावेत, अगदी मधोमध. १३ ते २० रान. शेवटची चार परत येण्याची. तुम्ही सहा प्रकरणं मनोऱ्यात घालवून थकलात, कारण अख्खी कादंबरी तिथेच मावेल असं धरून चालला होता.

कापण्याचा प्रसंग ग्रिमनी नेमका लिहिलाय: गोथेल केस डाव्या हाताला दोनतीनदा गुंडाळते, उजव्या हातात कात्री धरते. इथे घाई करू नका. साडेचार किलो एका क्षणात गेल्यावर मान पुढे झेपावेल, दोन-चार दिवस तोल जाईल. आणि जी मुलगी पाच वर्षं गोल खोलीत फिरली तिच्या पायांना उतार माहीत नसतो. पोटऱ्या भरून येतील, तळवे सोलतील, अंतराचा अंदाज चुकेल. पहिल्या आठवड्यात ती दिवसाला तीन-चार किलोमीटरच्या वर जाऊ शकत नाही. तिच्याकडे काय आहे तेही ठरवा. तिला गाठी येतात, विणता येतं, वेढे देता येतात. रानात फासे लावणं, मोळी बांधणं, झोळी विणणं ती मनोऱ्यातल्या कौशल्यावर शिकेल. नव्यानं काही शिकवायला म्हातारा ऋषी पाठवू नका. तसं केलंत की नायिका पुन्हा बसून राहील.

जुळ्यांबद्दल: नायिका सतरा आणि गर्भार असेल तर संपादक थांबवणार. भारतात अठराच्या आतली व्यक्ती कायद्यानं बालक आहे, आणि तरुण वाचकांच्या पुस्तकात तो प्रश्न गंभीरपणे हाताळावा लागतो, उल्लेखापुरता आणून सोडता येत नाही. सरळ मार्ग दोन. एक, तिचं वय एकोणीस करा आणि बाळंतपण पूर्ण जबाबदारीनं लिहा. दोन, गर्भारपण काढा आणि रानात तिला दुसऱ्या कोणाची तरी टाकलेली मुलं सापडू द्या. दुसऱ्यात एक खोल गोष्ट घडते. तिला स्वतःलाच दुसऱ्याचं मूल सांभाळावं लागतं आणि गोथेलनं जे केलं ते आतून कळू लागतं. मी दुसरा निवडेन.

आंधळेपण शिक्षा म्हणून वापरू नका. ग्रिमचा राजपुत्र मनोऱ्यावरून उडी टाकतो, काटे डोळ्यांत जातात, तो रानात मुळं आणि फळं खात भटकतो. शेवटी तिचे दोन अश्रू पडतात आणि दृष्टी येते. अश्रूंची जादू ठेवायची तर केसांच्या जादूशी तिचा सांधा हवा, नाहीतर ती वरून टाकल्यासारखी वाटते. आणि दृष्टी परत येवो न येवो, मधल्या प्रकरणांत तो काठीनं जमीन कशी चाचपतो, ओढ्याच्या आवाजावरून दिशा कशी धरतो, हे लिहा.

आता भाषा. मराठीत एक हत्यार आहे ते इंग्रजीत लिहिणाऱ्यांकडे नाही. मुलगी गोथेलला काय म्हणते? जर्मनमध्ये ती आदरार्थी बोलते, गोथेल तिला एकेरी. तुम्ही तिला "मावशी" म्हणायला लावा आणि एकेरीत बोलू द्या. "माय मरो पण मावशी जगो" ही म्हण वाचकाच्या डोक्यात आपोआप वाजेल, कुठेही लिहू नका. ज्या दिवशी सौदा कळतो त्या दिवशी "मावशी, तू" चं "तुम्ही" होतं. दुसरं काही बदलायची गरज नाही, ना आरडाओरडा ना लांब भाषण. गोथेलनं ते "तुम्ही" ऐकून हातातलं काम थांबवलं एवढं पुरे.

"आटपाट नगर होतं" या सुरुवातीचा मोह आवरा. ती कहाणीची बैठक आहे, तिच्यात पात्रांना मन नसतं. नायिकेचं मन उलगडायला बसल्यावर ती लय तिसऱ्या पानावर तुटते. पाहिजे तर गोथेल लहान शेवळीला जी खोटी जन्मकथा सांगते ती त्या थाटात लिहा, "साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण" पर्यंत. खोटं कहाणीच्या लयीत आणि खरं साध्या गद्यात, हा फरक वाचकाला कानानं कळेल.

कप्पी_दोर

यावरून केसांच्या जादूचं कारण सुचतंय, पटलं तर घ्या. केस खोट्यानं वाढतात. गोथेलनं तिच्याशी एक खोटं बोललं की एक वीत. वीस हात म्हणजे चाळीस विती, म्हणजे चाळीस खोटी. नायिकेनं भिंतीवर विती मोजलेल्या असतील, पण त्या कशाच्या आहेत हे तिला कळत नसेल. खरं समजल्यावर ती एकेक वीत मागे मोजत आठवते. म्हणजे वाढण्याचं आणि न गळण्याचं कारण एकच झालं: खोटं मागे घेतलं जात नाही तोवर केस गळत नाही.

हे घेतलंत तर माझा आधीचा वजनाचा आकडा एकदम लावू नका. बाराव्या वर्षी कोंडलं तेव्हा समजा वीस विती, म्हणजे साडेचार मीटर आणि सव्वादोन किलो. वय एकोणीस केलंत तर सात वर्षांत वजन दुप्पट झालं. मान हळूहळू सरावत गेली.

आणि गोथेल कात्री चालवते तेव्हा ती स्वतःचंच खोटं कापत असते. कापलेली वेणी वाढायची थांबते, पण गळणार नाही. राजपुत्र त्याच वेणीला धरून वर येतो, त्यामुळे ती शेवटपर्यंत मजबूत असायला हवी.

जुनी_बाड

चाळीस खोट्यांची यादी आधी करा, मग प्रकरणं. पहिलं खोटं "तुझे आईबाप मेले" हे नको, ते सगळेच लिहितात. बाझिले आठवा. तिथे आईनं "घेऊन जा" म्हटलं होतं. गोथेलचं पहिलं खोटं "त्यांनी तुला फार रडून दिलं" असं असू द्या. दयेपोटी बोललेलं.

सह्याद्रीत नेणारच असाल तर आणखी एक वाचा. मेरी फ्रिअर यांनी १८६८ मध्ये आया ॲना लिबराटा डिसूझा यांच्या तोंडून ऐकलेल्या दख्खनच्या गोष्टी छापल्या. त्यांत सूर्याबाईची गोष्ट आहे. गवळणीची तान्ही मुलगी दोन गरुड उचलून नेतात, उंच झाडावर लाकूड-लोखंडाचं घर बांधून तिला वाढवतात, आणि त्याला सात दारं असतात. विस्तव विझल्यावर ती स्वतःच बाहेर पडून राक्षसाच्या घरी आग मागायला जाते. परत आल्यावर मागोमाग राक्षस येतो, तिला दार उघडायला लावू शकत नाही, पण त्याचं मोडलेलं नख दारात रुतून राहतं आणि पुढे तेच तिच्या हातात घुसतं. कोंडलेली मुलगी, प्रेमानं कोंडणारे पालक, आणि दार उघडण्याचा निर्णय तिचा. तुमच्या बुरुजाला दार नाही. पण विस्तव विझण्याचा प्रसंग तिथे चपखल बसेल: मावशी दोन दिवस आली नाही, केस ओले आहेत, चूल गार झाली आहे आणि खालून कोणीतरी हाक मारतंय.

अंजनवेल

सातवं प्रकरण या गार चुलीपासूनच सुरू करते. नायिका एकोणीस वर्षांची, नाव शेवळी, मुलं सापडलेली. यादीत आत्तापर्यंत अकरा खोटी झाली आहेत. बारावं राजपुत्राचं असावं का, हे विचारायचं होतं. केस फक्त गोथेलच्या खोट्यानं वाढतात की कोणाच्याही?

कप्पी_दोर

कोणाच्याही ठेवा. म्हणजे पहिल्या भेटीनंतर तिनं वेणी मोजली आणि ती वीतभर वाढलेली निघाली, तर राजपुत्र काय खोटं बोलला हे शोधायला तिला पुढच्या अठरा खेपा आहेत.